विमानाच्या खडावा

अण्णा, विमानाला खडावा घालायचं खूळ तुमच्या डोक्यात कुणी भरवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. आईला विचारलं की ती म्हणायची, कुणी भरवायला कशाला पाहिजे, तिथं जागा रिकामीच होती की. ती बेळगावची, तिच्या बोलण्याला कायम अशी फोडणी असायची. आपण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारे. आपल्याला ती फोडणी झोंबायची कमी आणि आवडायची जास्त. आज मी तुम्ही गेलात त्या वयाच्या बरीच पुढे आले आहे. गुडघे कुरकुरतात, शाळेतली नोकरी संपूनही जमाना झाला. परवा घरातल्या पोरानं मोबाइलवर कुठल्याशा परदेशातलं एक चिमुकलं विमान तळ्यावरून उडताना दाखवलं आणि विचारलं, आजी, मजा आहे खरी, पण याचा उपयोग काय? मला हसू आलं. हाच प्रश्न बसवनगुडीतल्या आपल्या घरात तुम्हाला सकाळ-संध्याकाळ विचारला जायचा आणि तुम्ही दर वेळी नवं उत्तर द्यायचात. त्या पोराला काय सांगू ते तुम्हालाच विचारावं म्हणून लिहायला बसले, आणि आता बघते तर मनात भलतंच काही लिहायचं आहे.

तुम्ही विमानाच्या कारखान्यात लाकूडकामाच्या खात्यावर सुपरवायझर होतात. फ्लाइंग क्लबात रविवारी उडायला शिकलात, ते इतपत ठीक होतं. पुष्कळ लोक रविवारी पत्ते खेळतात, तुम्ही उडायचात. पण क्लबचं एक जुनं दोन माणसांचं विमान मोडीत निघालं आणि तुम्ही त्याचे अवशेष बैलगाडीवर लादून यशवंतपूरला नेलेत, तिथून सगळं बिघडलं. तिथं लाकडाच्या वखारीला लागून एक पत्र्याची शेड तुम्ही भाड्यानं घेतली होती. कारखान्यातून सुटलात की सायकलीवरून तिकडे, आणि घरी येताना अंगाला पिकल्या केळ्याचा वास. पंखांच्या कापडाला जे रोगण लावतात त्याचा वास तसा असतो हे आम्हाला नंतर कळलं. आईला आधी वाटलं की तुम्ही बाहेर केळी खाऊन येता आणि म्हणून घरी जेवत नाही. खाली चाकांऐवजी तुम्ही दोन लांबट पोकळ होड्या केल्यात, प्लायवूडच्या, आतून कप्पे असलेल्या, पुढून टोकदार. इंग्रजीत त्यांना फ्लोट म्हणतात. आईनं शेडमध्ये पाऊल टाकलं, कमरेवर हात ठेवून त्या पाहिल्या आणि म्हणाली, या तर खडावा. तेव्हापासून तुम्हीसुद्धा खडावाच म्हणायला लागलात.

आई तोंडानं त्या विमानाला सवत म्हणायची, पण पंखांचं कापड शिवलं कुणी? तिनंच. आपल्या माजघरात शिवणयंत्र होतं आणि त्याच्यापुढून ते पांढरं कापड वाहत दारापर्यंत जायचं. एका बोटाच्या पेरात किती टाके हवेत ते तुम्ही सांगितलेत. तिनं त्याहून दाट घातले. म्हणाली, मेलं पडलंच तर शिवणीतून पडलं असं कुणी म्हणायला नको. तुम्ही प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणून बघत होतात आणि ती तुमच्याकडे बघत होती. मी पायाशी बसून दोरे तोडत होते. मला ते सगळं अजून असं स्वच्छ दिसतं की हात पुढे केला तर कापड हाताला लागेल.

उपयोगाची तुमची उत्तरं मला पाठ होती. तुम्ही म्हणायचात, या म्हैसूर मुलखात राजांनी आणि गौडांनी गावोगाव केरे बांधून ठेवल्या आहेत. (तळ्याला आपण घरातही केरेच म्हणायचो, आजही माझ्या तोंडात तळं येत नाही.) डोंगरावरून बघितलं तर एका केरेवरून दुसरी केरे दिसते. म्हणजे धावपट्ट्या आधीच तयार आहेत, त्यासुद्धा डांबर न लागणाऱ्या आणि दर पावसाळ्यात आपोआप दुरुस्त होणाऱ्या. मोठ्या विमानाला विमानतळ लागतो, कुंपण लागतं, मंत्री लागतो. आपल्याला फक्त हातभर खोल पाणी. जिथं बस दिवसातून एकदा जाते तिथं डॉक्टर न्यावा, लशीची पेटी न्यावी, पेपरांचे गठ्ठे न्यावेत. इंजिन इतकं साधं की गावचा पंप दुरुस्त करणारा ते उघडू शकेल. खडावेत पाणी शिरलं तर हातपंपानं काढायचं. उतरल्यावर विमान वाऱ्यानं वाहून जाऊ नये म्हणून नांगर लागतो, तर तुम्ही आईचा इडलीचं पीठ वाटायचा जुना दगडी रुब्बुगुंड उचलून नेलात. ती चार दिवस शोधत होती. सापडला तेव्हा तो दोरीला बांधून केरेच्या तळाशी होता.

पण अण्णा, उपयोग उपयोग म्हणत तुम्ही जे करत होतात ती शुद्ध मजा होती, आणि ती लपवायची कला तुम्हाला अजिबात नव्हती. तुमकूर रस्त्याला आत एका गावाची मोठी केरे होती, तिथं तुम्ही विमान ठेवायचात. रविवारी मी बंधाऱ्यावर बसून बघायची. तुम्ही इंजिन सुरू करता, विमान आधी बदकासारखं नाक वर करून पाणी ढकलत जातं, फेस मागे पसरतो, आणि वाटतं की हे काही उडत नाही. मग ते हळूच खडावांच्या पोटावर उभं राहतं आणि पाण्यावरून घसरायला लागतं. आता फक्त टाचा पाण्यात. पाणी मात्र सोडायला तयार नसतं. तेव्हा तुम्ही स्वल्प एका अंगावर कलता, आधी एक खडाव सुटते, मग दुसरी, आणि ठिबकत ठिबकत विमान वर जातं. घाटावरचे धोबी कपडे आपटायचे थांबतात. म्हशी मात्र मान वळवत नाहीत. तुम्ही परत उतरलात की गुडघाभर पाण्यातून विमानाला कासऱ्यासारखी दोरी लावून ओढत यायचात, धोतर वर खोचलेलं, डोक्यावर चामड्याची टोपी, आणि चेहरा असा की आईनं एकदा म्हटलं, लग्नात पण हे इतके हसले नव्हते.

मला वर न्या म्हणून मी तुमच्या किती मागे लागले होते. तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते, दोन वेण्या घालून, आणि मला वाटायचं की या घरात तुमचं खूळ समजणारी मी एकटीच आहे. एकदा तुम्ही पाठमोरे असताना मी खडावेवर चढून आतल्या बैठकीवर जाऊन बसले. तुम्ही वळलात. मला तुम्ही आयुष्यात फार कमी वेळा रागावलात, त्यातली ती एक. "उतर. कागद येईपर्यंत तुझं पाऊल आत पडायचं नाही." तुमच्याकडे विमान खात्याचा तात्पुरता कागद होता, त्यावर एकट्यानं उडायची मुभा होती. दुसरं माणूस न्यायचं तर पक्की परवानगी हवी, आणि त्यासाठी खात्याचा इन्स्पेक्टर येऊन, स्वतः बसून, उडून, उतरून बघणार होता. त्यानं नाही म्हटलं तर? मी विचारलं. तुम्ही म्हणालात, तर मोडायचं. एकट्यानं गरगर फिरायला मी हे केलेलं नाही, दुसऱ्याला नेता येत नसेल तर हे खेळणं आहे, आणि या वयात खेळणं बाळगणं शोभत नाही. तुम्ही बोललात म्हणजे करणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या दिवसापासून घरात त्या कागदाचीच वाट बघणं सुरू झालं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. केरे काठोकाठ भरली आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, ज्याला तिथं कोडी पडली म्हणतात. इन्स्पेक्टर येणार असं पत्र आलं आणि तुम्ही कारखान्यातून रजा काढलीत. आम्हाला वाटलं इंजिन खोलणार. पण तुम्ही केरे साफ करायला घेतलीत! गोल टोपलीसारख्या तेप्प्यात बसून मासे धरणारा एक म्हातारा होता, त्याला बरोबर घेऊन तुम्ही कमळाची पानं काढलीत, शेवाळ ओढलंत, वाहून आलेल्या फांद्या, नारळाच्या झावळ्या, सगळं वेचलंत. खडावेला काही लागून भोक पडायला नको, आणि साहेबाला पाणी कसं नीट दिसलं पाहिजे. धोब्यांना सांगितलंत, त्या दिवशी सकाळी येऊ नका. म्हशीवाल्यांना सांगितलंत. आई बंधाऱ्यावरून बघत म्हणाली, पाहुणा यायचा म्हणून लोक अंगण सारवतात, हे तर केरे सारवायला निघाले. खरं सांगू, आपलं घरच तसं. पाहुणा येणार म्हटलं की आपण जिथं तो पायही ठेवणार नाही तो माळासुद्धा झाडतो. तुम्ही पाण्याचा माळा झाडलात.

एकच गोष्ट तुम्हाला झाडता आली नाही, ती म्हणजे बागिन. केरे भरली की गावच्या बायका तिला बागिन देतात, आपल्या वाणासारखं: हळदीनं पिवळं केलेलं सूप, त्यात तांदूळ, डाळ, बांगड्या, खण, नारळ, वर दुसरं सूप पालथं, आणि ते पाण्यात सोडायचं. नेमका तोच दिवस निघाला. गौडांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, बायकोकडे, जिला सगळं गाव गौडरम्मा म्हणायचं, तुम्ही हात जोडून गेलात की बाई, संध्याकाळी करा. ती म्हणाली, सरी सरी, म्हणजे बरं बरं. तुम्ही खुशीत परत आलात. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, सरी म्हणाली म्हणजे ऐकलं असं नव्हे, ती मलाच ओटी घेऊन सकाळी ये म्हणालीय. ते तुम्हाला सांगायचं की नाही यावर आमचा खल झाला आणि आईनं ठरवलं की नको, आधीच ह्यांना झोप नाही.

इन्स्पेक्टर उंच, कमी बोलणारा, डोळ्यांवर काळा चष्मा. बंधाऱ्यावर उभा राहून त्यानं केरे बघितली आणि तुमच्याकडे बघून मान हलवली. केरे होतीच तशी. आभाळ झाकोळलेलं, वाऱ्याचं नाव नाही, पाण्यावर सुरकुती नाही. वरचं आभाळ खाली तसंच्या तसं. मी अभिमानानं फुगले होते. तो तुमच्या शेजारी बसला. दोघांचं वजन म्हणून तुम्ही पेट्रोल बेताचंच भरलं होतं. उडायला नेहमीपेक्षा वेळ लागला, त्या गुळगुळीत पाण्यानं तुम्हाला सोडता सोडलं नाही, पण तुम्ही एक वळसा घेऊन स्वतःच्याच लाटांवरून उडालात. वर दोन घिरट्या, एक झोका, एक संथ वळण. सगळं सुरेख झालं. मग तुम्ही उतरायला आलात.

आम्ही दोघी बंधाऱ्यावर बायकांच्या घोळक्यात उभ्या होतो, कारण एव्हाना गौडरम्मा वाजंत्री आणि भटजींसकट येऊन पोचली होती. तुम्ही खाली आलात, आणि पाण्यापासून चांगले माडभर उंच असताना उतरल्यासारखं नाक वर केलंत. विमान हवेत डगमगलं. इंजिन ओरडलं आणि तुम्ही वर निघून गेलात. मला वाटलं, साहेबाला काही दाखवताय. दुसऱ्यांदा आलात ते उलट. पाणी अजून लांब आहे असं समजून सरळ येत राहिलात आणि एका खडावेचं टोक पाण्यावर असं आपटलं की विमान चेंडूसारखं उसळलं आणि एक पंख खाली झुकला. बायका ओरडल्या. तुम्ही कसंबसं सावरून पुन्हा वर गेलात. तेव्हा मला कळलं की तुम्हाला पाणी कुठे आहे तेच दिसत नाहीये. आजवर तुम्ही म्हशींच्या, धोब्यांच्या, शेवाळाच्या आणि पानांच्या केरेत उतरत होतात. हे सगळं बघून डोळा आपोआप उंची मापत होता, आणि ते तुमचं तुम्हालाही माहीत नव्हतं. कोरं पाणी तुम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. कडेनं उतरावं तर तिथं सगळे खडक. आणि पेट्रोल बेताचं.

आईचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही तसा पाहिला नाही.  गौडरम्मानं वर विमानाकडे पाहिलं, मग भटजींकडे पाहिलं आणि म्हणाली, वेळ टळतीय, सोडू या. एकजण म्हणाली, ते खाली येतील आणि सूप आडवं आलं तर? सगळ्या आईकडे बघायला लागल्या. मानाचं पहिलं सूप आईच्या हातात होतं. आई म्हणाली, "सोडा. आडवं आलं तर ते बाजूनं जातील. तेवढी अक्कल आहे त्यांना." मला तिनं दुसऱ्या बाजूनं सूप धरायला लावलं. दोघींनी वाकून ते पाण्यावर ठेवलं, ती डोळे मिटून पुटपुटली, मीही डोळे मिटले. मग एकामागून एक सुपं सुटली. सांडव्याच्या ओढीनं ती हळूहळू रांगेनं केरेत सरकत गेली, पिवळी पिवळी, त्या आभाळाच्या रंगाच्या पाण्यावर.

तिसऱ्यांदा तुम्ही आलात ते थेट त्या सुपांच्या रांगेशेजारून. मला वाटतं तुमचा हात अजिबात हलला नसेल. खडावांच्या टाचा पाण्याला लागल्या, एक रेघ उमटली, मग दोन, आणि विमान बसलं, एकाही सुपाला धक्का न लावता. तेप्पावाला म्हातारा दोन्ही हात वर करून नाचत होता. आई कॉफी करायला वळली.

अण्णा, तुम्ही उतरलात ही तुमची करामत, पण मी तुम्हाला जन्मभर मानलं ते पुढच्या गोष्टीसाठी. इन्स्पेक्टर काठावर आला, बूट काढून पाणी झटकलं, आणि आपली फाइल उघडली. घाबरला होता की नाही कळायला मार्ग नव्हता. तो म्हणाला, तुमचं उडणं चांगलं आहे, विमान चांगलं आहे. दोनदा उतरता आलं नाही ते या बायका आणि त्यांचा गोंधळ आडवा आला म्हणून, मी तसंच लिहितो, आणि पुढे उड्डाणाच्या वेळी लोकांना केरेवर मज्जाव करायची अट घालतो. लेखणी टेकवलीसुद्धा त्यानं. तुम्ही नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. कागद हातात होता. मी तुमच्याकडे बघत होते, तुमच्या कपाळावरून घाम निथळत होता. तुम्ही म्हणालात, "नाही सर. त्या आडव्या आल्या नाहीत. मला पाणीच दिसत नव्हतं. ते मी स्वतः साफ केलं होतं, ती माझी चूक. त्यांनी सुपं सोडली म्हणून मला पाणी दिसलं आणि तुम्ही आणि मी इथं उभे आहोत."  त्यानं लिहिलेलं खोडलं, फाइल मिटली, आईनं दिलेली कॉफी प्यायला आणि परवानगीचं काहीही न सांगता जीपमध्ये बसून गेला.

घरी येताना वाटेत शेड लागली. तुम्ही शेडचं कुलूप काढून आत गेलात आणि पाना, हातोडी, करवत असं एकेक बाहेर काढून पुसायला लागलात. मोडायची तयारी. आई दारात उभी राहून म्हणाली, चूक कबूल करायला तोंड होतं तर जेवायला पण असू दे, घरी चला. दिवस गेले. मी रोज पोस्टमनच्या आधी फाटकाशी. शेवटी कागद आला, आणि त्यात परवानगी होती: एक प्रवासी नेता येईल. खाली फक्त एक अट होती, की पाणी संथ असेल तेव्हा उतरण्यापूर्वी त्यावर तरंगणारं, दिसणारं काहीतरी सोडलेलं असावं. लोकांना मज्जाव वगैरे काही नाही. तुम्ही तो कागद आईला दोनदा वाचून दाखवलात. पुढे तेप्पावाला म्हातारा चुरमुरे उधळायचा. पण तुम्ही उतरायला यायच्या आत मासे ते खाऊन टाकायचे, मग आपण मोडकी सुपं वापरायला लागलो. गावात एकही जुनं सूप शिल्लक राहिलं नाही.

आणि पहिली जागा तुम्ही मला दिलीत. अख्ख्या बंधाऱ्यासमोर म्हणालात, "चल. पहिल्यापासून माझ्या बाजूची तू एकटीच." मी बसले. पाणी सुटतं तो क्षण मला अजून पोटात कळतो. खडखडाट एकदम थांबतो, जणू रस्ता संपून कुणीतरी गादी घातली. खाली केरे, तिच्यापलीकडे दुसरी, तिच्यापलीकडे तिसरी, नारळीच्या बागांमधून चमकणाऱ्या, आणि तुम्ही बोट करून ओरडून सांगताय, बघ, धावपट्ट्या! लांब धुरकट बेंगळूर, कुठेतरी त्यात आपलं बसवनगुडी. वारा डोळ्यांत पाणी आणत होता म्हणून मी रडले ते तुम्हाला कळलं नाही. नंतर आईसुद्धा एकदा बसली, नाकाला पदर लावून, आणि उतरल्यावर म्हणाली, वरून माणसं लहान दिसतात हे ठीक, पण घरची कामं काही लहान दिसली नाहीत. तुम्ही खरंच एका डॉक्टरला नेलंत, लशीच्या पेट्या नेल्यात, एकदा एका शाळेचा नकाशा आणि पृथ्वीचा गोल नेलात. पाच-सहा वर्षं चाललं ते. मग इंजिनचे सुटे भाग मिळेनात, तुमची छाती दुखायला लागली, आणि विमान शेडमध्ये गेलं ते गेलंच. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला लागले होते. ती केरेही आता नाही, तिथं घरांच्या ओळी आहेत.

त्या पोराला मी सांगितलं, उपयोग खूप होता, आणि मजा त्याहून जास्त होती, आणि माझ्या वडिलांना दोन्ही वेगळं करता यायचं नाही. त्याला पटलं. पण तुम्हाला लिहायचं राहिलंय ते हे. तुमच्या माघारी पुष्कळ वर्षांनी एकदा आई आणि मी अळूचे देठ सोलत बसलो होतो, आणि मी सहज विचारलं, तेव्हा सूप सोडताना तू काय मागितलंस गं? ती म्हणाली, काय मागणार, ह्यांना परवानगी मिळू दे म्हटलं, ती मिळाली नाही तर हा माणूस आतून वाळून जाईल. मी म्हटलं, ते वर असे गटांगळ्या खात असताना? ती म्हणाली, खाली तर ते येणारच होते की, त्याची मला खात्री होती. मग तिनं विचारलं, तू काय मागितलंस? मी म्हटलं, तेच.

ते खोटं होतं, अण्णा. मी डोळे मिटून म्हटलं होतं, ह्यांना खाली आण आणि परवानगी अजिबात मिळू देऊ नको, हे विमान मोडू दे, परत कधी वर जाऊ देऊ नको. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकता येणारही नाही, म्हणून एवढं लिहिते. तुमच्या बाजूची मी नव्हते, आई होती. पहिली जागा तिची होती.